पोटाशी बांधलेले सेल

तो येतोय हे आधी ऐकू यायचं आणि मग दिसायचं. कोटाच्या खिशांत, खांद्यावरच्या पिशवीत आणि सदऱ्याच्या आत पोटाला बांधलेल्या लोकरीच्या मोज्यांत त्याने टॉर्चचे सेल भरलेले असायचे, आणि तो चालायला लागला की ते एकमेकांवर आपटून खुळखुळायचे. लोणावळ्याच्या बाजारात लोक तो आवाज ऐकून दुकानाच्या पायरीवर यायचे, तेही हसऱ्या तोंडाने. मी स्टुडिओच्या डार्करूममध्ये असायचो. तो आवाज ऐकला की मी दात आवळायचो.

त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. ते आधीच पुष्कळ लोकांच्या तोंडी आहे, आणखी माझी भर कशाला? तो माझ्याहून थोडा मोठा, म्हणून समोर मी त्याला अहो-जाहो करत असे. कागदावर तरी करणार नाही. मला त्याचा हेवा वाटायचा. वाटायचा म्हणजे काय, अजूनही वाटतो, आणि या वयात तो कमी होईल असं काही लक्षण नाही.

एकोणीसशे साठच्या पुढची वर्षं होती. आम्ही दोघं एकाच स्टुडिओत नोकरीला होतो. मालक गल्ल्यावर बसायचे, आम्ही ऑर्डरी करायचो. कुणाचं लग्न, कुणाची मुंज, मावळातल्या गावांतून कुणाचं जावळ. त्या वेळच्या फ्लॅशगनच्या दांड्यात टॉर्चचे सेल घालावे लागत आणि वरच्या वाटीत बल्ब लावावा लागत असे. एक फोटो काढला की तो बल्ब जळून जायचा, पुढच्या फोटोला दुसरा. सेल उतरला असला तर बल्ब पेटायचाच नाही, आणि आमच्याकडच्या दमट हवेत सेल कधी दगा देईल याचा नेम नसायचा. तेव्हा जादा सेल बरोबर ठेवणं यात विशेष काहीच नव्हतं. शहाण्या माणसासारखी मीही एक जोडी पिशवीत ठेवायचो.

त्याने मात्र त्या जादा सेलांचा धर्मच करून टाकला होता. ऊन पडलं की दुकानाच्या खिडकीत वर्तमानपत्र पसरून तो त्यावर सेल वाळत घालायचा आणि मधूनमधून पापडासारखे उलटायचा. पावसाळ्यात ते मोज्यांत भरून पोटाला बांधायचा. मोजे लहान मुलांचे, रंगीबेरंगी. एक तर लालभडक होता आणि त्याला गोंडा होता.

"सेलला थंडी वाजते, पुणेकर," तो मला सांगायचा. मी पुण्याहून आलो म्हणून त्याने मला हे नाव ठेवलं होतं, आणि पुढे सगळं लोणावळा मला त्याच नावाने हाक मारू लागलं. "थंडी वाजली की तो निजतो. पोटाची ऊब दिली की जागा राहतो. तुझे सेल पिशवीत कुडकुडतायत बघ."

त्याला प्रत्येक गोष्टीची जोड लागायची. पिशवीत जादा चपला, दुसरी छत्री, बोडक्याने आलेल्या म्हाताऱ्यांसाठी एक पांढरी टोपी. एक चष्मा तर बिनकाचांचा. चष्मा लावणाऱ्याच्या काचेवर फ्लॅश चमकू नये म्हणून तो त्याचा चष्मा काढून त्याला हा घालायचा. कुणी नवा माणूस भेटला आणि काही दाखवायला लागला, सायकल म्हणा, घड्याळ म्हणा, की याचा पहिला प्रश्न, "जोड आहे का?" लोक विचारायचे, "आणि बायकोचं काय हो?" तर म्हणायचा, "मी विचारून पाहिलं. तिला जोड चालत नाही." हा विनोद तो दर लग्नात करायचा आणि दर लग्नात लोक पहिल्यांदा ऐकल्यासारखे हसायचे. मी तोच विनोद एकदा तळेगावच्या एका लग्नात केला, तर वधूपक्षातले एक गृहस्थ गंभीर होऊन म्हणाले, "म्हणजे तुमचं घरी काही बिनसलंय का?"

फोटोतलं मला त्याच्याहून जास्त कळत होतं. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. पुण्यात एका जुन्या, नावाजलेल्या छायाचित्रकाराच्या हाताखाली मी शिकलो होतो. उजेड कुठून घ्यावा, सावली कुठे पडू द्यावी, निगेटिव्हवर पेन्सिलीने रिटचिंग कसं करावं, सगळं. त्याच्या फोटोंत माणसं वाकडी उभी असायची, कुणाचं डोकं कापलेलं, मागे खुंटीवर टॉवेल. आणि लोक त्याचेच फोटो भिंतीवर लावायचे.

एकदा औंढ्याहून एक शेतकरी दुकानात आला. नातवाचं जावळ होतं.

"त्ये भाऊ हायती का? पोटाला शेल बांदत्यात त्ये?"

मी म्हणालो, "ते दुसऱ्या ऑर्डरीवर आहेत. मी येतो."

त्याने मला खालून वर पाहिलं. बैलबाजारात बघतात तसं. "न्हाई, मग ऱ्हाऊ द्या. आमी जावळ म्होरं ढकलतो."

"अहो, फोटोसाठी जावळ पुढे ढकलता?"

"केसं हायती. वाडत्याल आनखी," तो म्हणाला आणि पान जमवत पायरी उतरून गेला. मालक गल्ल्यावरून हे सगळं ऐकत होते. त्या आठवड्यात त्यांनी मला दोनदा चहा विचारला नाही.

यानंतर माझं लग्न ठरलं. छायाचित्रकाराला स्वतःच्या लग्नात फोटो काढता येत नाहीत, हे दुःख बाहेरच्याला कळायचं नाही. लोणावळ्यात दुसरं कोण होतं? मालक म्हणाले, "तो काढेल की. घरचाच माणूस." आला. कोट, पिशवी, खुळखुळाट, सगळा सरंजाम घेऊन आला. मांडवात शिरल्या शिरल्या माझ्या सासऱ्यांना म्हणाला, "नवरदेवाची जोड आणलीय का? लागली तर?" सासरे हसून लोळायचे बाकी राहिले. मी बाशिंगाआडून बघत होतो.

माझी बायको सकाळपासून मान खाली घालून होती. आम्ही एकमेकांना एकदाच पाहिलेलं, तेही चहाच्या कपांवरून. मी मनाशी एकच ठरवलं होतं. बाकीचे फोटो कसेही येवोत, घास भरवतानाचा एक चांगला यावा, तिने माझ्याकडे बघावं. पंगत बसली. मी जिलबीचा तुकडा उचलला, तिच्या तोंडाशी नेला, आणि हा ओरडला, "थांबा! सेल गेला!"

मी तसाच हात धरून बसलो. पाक मनगटावरून बाहीत उतरू लागला. हा मात्र निवांत. त्याचा कॅमेरा छातीवर लटकणारा, वरून डोकावून बघायचा. तो तसाच लटकत ठेवून त्याने एका हाताने सदऱ्याची बटणं सोडली, पोटात हात घातला आणि तो गोंड्याचा लाल मोजा ओढून बाहेर काढला. मग त्याला बांधलेला हिरवा निघाला. मग पिवळा. बायका पदर तोंडाला लावून खिदळायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, "आतडी काढतोय की काय!" आणि लख्खकन उजेड पडला.

मला वाटलं, चुकून पेटला. मला वाटलं, या येड्याने माझ्या लग्नात घोळ घातला.

रोल मीच धुतला. दुसऱ्याच्या हाती कसा देणार? डार्करूमच्या लाल दिव्यात निगेटिव्ह उचलून पाहिली तर त्यात बायकोचे दात काळे दिसत होते, म्हणजे ती हसत होती. प्रिंट काढली. मान मागे टाकून, डोळे बारीक करून, अगदी खळखळून हसणारी नवरी. असा फोटो मी आयुष्यात काढला नव्हता. शेजारी मी होतो. हातात जिलबी आणि कपाळावर दोन उभ्या आठ्या. ती त्याच्याकडे बघून हसत होती आणि मी त्याच्याकडे बघून जळत होतो. मागे खुंटीवर टॉवेल होताच.

मी त्याला गाठलं. "त्या दिवशी सेल खरंच गेला होता?"

"छे!" तो खिडकीत सेल उलटत होता. "चांगला ठणठणीत होता. अरे, 'हसा' म्हटलं की माणसं दात दाखवतात. 'सेल गेला' म्हटलं की माणसं फोटो विसरतात. बिघडलं की सगळे मोकळे होतात, पुणेकर."

म्हणजे एवढी वर्षं तो गावोगाव हे नाटक करत हिंडत होता, आणि एकाच दुकानात राहून मला पत्ता नव्हता, कारण आम्ही दोघं एका ऑर्डरीवर कधी जातच नसू. बायकोने तो फोटो चौकटीत घालून बाहेरच्या खोलीत लावला. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवून म्हणायची, "भाऊजींनी काय छान काढलाय!" मी तिचे किती फोटो काढले! वलवणच्या धरणावर, अंगणात, खिडकीशी सकाळच्या तिरप्या उजेडात. एकूण एक रेखीव. आणि एकूण एका फोटोत एक बाई फोटोसाठी उभी आहे. "हस की गं," म्हटलं की ती ओठ मिटून हसायची, पाहुण्यांसमोर हसतात तसं.

म्हणून मी पण मोजे आणले. यात लाज कसली? युक्ती काही कुणाच्या बापाची नसते. वलवणला एक बारसं होतं, तो त्या दिवशी दुसरीकडे गेला होता. मी पोटाला मोजे बांधले, वरून सदरा घातला. बाळाला पाळण्यात घालायची वेळ झाली, बायका जमल्या, आणि मी मोठ्याने म्हणालो, "थांबा! सेल गेला!" आणि बटणं सोडायला लागलो.

पाळण्याची कुरकुर तेवढी ऐकू येत होती.

"आवो," बाळाची पणजी म्हणाली, "बायामान्सांत सदरा काय सोडताय? नीट करून आनायचं व्हतं की दुकानातनं." आणि दुसरीला हळूच, पण मला ऐकू येईल असं, "नवीन हाय जनू. त्ये भाऊ न्हाई आलं व्हय?"

घाईत माझी गाठ सुटली, एक सेल पँटच्या आतून घसरत घसरत खाली बुटावर येऊन पडला आणि घरंगळत पाळण्याखाली गेला. तो काढायला मी गुडघ्यांवर वाकलो तेव्हा मात्र अख्खं घर हसलं. पणजीसुद्धा. पण तेव्हा माझं तोंड जमिनीकडे होतं आणि कॅमेरा पाटावर.

पुढे एका श्रावणात मालकांनी आम्हाला पहिल्यांदाच बरोबर पाठवलं. लोहगडावर पुण्याच्या एका मंडळाची सहल यायची होती, तिचे फोटो मी काढायचे. आणि खाली लोहगडवाडीत एका घरात म्हाताऱ्या आबांचा फोटो, ती ऑर्डर त्याची. मळवली स्टेशनवर उतरून आम्ही भाजे गावावरून चालत वर निघालो. तो पुढे, खुळखुळत. मी मागे. गडावर एवढं धुकं होतं की मंडळाच्या लोकांना एकमेकांचे चेहरे दिसत नव्हते, फोटो कुठले? ते परत गेले. मी भिजून वाडीतल्या त्या घरात शिरलो तेव्हा याचं काम नुकतंच सुरू होत होतं. मी दाराशी उभा राहिलो, कॅमेरा कोरडा आहे का ते पाहिलं, फ्लॅशमध्ये नवा बल्ब बसवला. सवयीने.

घरात अंधार, चुलीचा धूर. आबा भिंतीला टेकून, काठी दोन्ही हातांत धरून, कोर्टात साक्षीला बसल्यासारखे. दोन महिन्यांपूर्वी त्यांना मोठं दुखणं येऊन गेलं होतं. मुलगा म्हणाला, "आबाचा येकबी फोटू न्हाई. म्हनलं, आसावा." आजी चुलीपाशी होती. तिला शेजारी बसायला सांगितलं तर म्हणाली, "मी न्हाई बसायची ह्यांच्या शेजारी. उभ्या जल्मात बसली न्हाई. लोक काय म्हंत्याल?"

"आजी, लोक धुक्यात हायती. त्यास्नी काय दिसतंय?" तो म्हणाला. माझ्याशी शुद्ध बोलणारा हा वाडीत आला की वाडीचं बोलायचा. तेही मला जमायचं नाही. आजी बसली, वीतभर अंतर सोडून, तोंड दुसरीकडे करून. त्याने आबांच्या डोक्यावर पांढरी टोपी ठेवली, मागे सरकला आणि म्हणाला, "थांबा! शेल गेला!"

मला पुढचं ठाऊक होतं. बटणं, पोट, लाल मोजा. आजी किंचाळली, "आगं बया, प्वाटातनं काय काडतोय ह्यो!" आणि हसायला लागली. त्याने कळ दाबली.

काही झालं नाही.

आजी आणखी हसली. त्याने पुन्हा दाबली. बल्ब बदलला, दाबली. नाही. मग त्याने खरोखरच फ्लॅशचा दांडा उघडला, मोज्यातले सेल त्यात घातले. नाही. हिरव्या मोज्यातले घातले. पिवळ्यातले. खिशातले, पिशवीतले. लोकांना वाटत होतं, हा सगळा खेळच आहे. मुलगा हसत होता, सून हसत होती, आणि आबा, ते साक्षीदार आबा, बोळक्या तोंडाने खोकत खोकत हसायला लागले. एकट्या मला त्याचे कान दिसत होते. लाल झाले होते. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते सांगतो. होऊ दे फजिती, असंच आलं. एवढ्या वर्षांत एकदा तरी होऊ दे.

तेवढ्यात आजी हसता हसता कलंडली आणि तिने आबांच्या खांद्यावर डोकं टेकलं. आबांनी काठी सोडून तिचा हात धरला. ते बघितल्यावर मी त्याला विसरलो, फजितीही विसरलो. हे हसू मला हवं होतं. मी त्याला वाचवायला म्हणून नाही, मला ते हवं होतं म्हणून कळ दाबली. उजेड पडला.

"झाला की फोटू!" मुलगा त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला. "भाऊ, तुमी म्हंजे लय भारी!"

"मी न्हाई काढला. ह्यांनी काढला," तो म्हणाला. पुन्हा सगळे हसले. त्यांना तोही विनोदच वाटला.

उतरताना मीच विचारलं, "एवढे सेल, आणि एकही चालला नाही?"

"मेलेलेच आहेत ते. सगळे."

मी थांबलोच. "सगळे?"

"मग? जिवंत सेल पोटाला बांधायला मी काय वेडा आहे? घामाने गंजतात. पैसे का झाडाला लागतात? हे जुने, टाकायचे. दाखवायला वजनदार दिसतात. मघाशी एकेक घालत होतो ते नुसतं त्यांना हसतं ठेवायला."

"आणि ते खिडकीत वाळवणं? ती ऊब?"

"ते लोकांसाठी. तू खरं धरलंस होय?" तो पहिल्यांदा हसला.

"आणि आजच्यासारखी वेळ आली तर? जोड काय तुमच्याकडे?"

"तू होतास की."

"मी नसतो तर?"

"असतोसच तू, पुणेकर. तुझ्याएवढं लक्ष माझ्याकडे माझ्या बायकोचंही नसतं."

मळवली येईपर्यंत मी त्याच्या मागून, तो खुळखुळाट ऐकत चाललो.

फोटो अप्रतिम आला. मालकांनी मोठा करून दुकानाच्या काचेत लावला. बघणारा प्रत्येक जण आत येऊन त्याला शाबासकी द्यायचा, आणि तो प्रत्येकाला सांगायचा, "माझा नाही हो, पुणेकरांचा आहे." अगदी मनापासून सांगायचा. लोक बाहेर पडताना म्हणायचे, "केवढा मोठ्या मनाचा माणूस! आपलं काम दुसऱ्याच्या नावावर करतो." म्हणजे फोटोचं नावही त्याचं झालं आणि मोठ्या मनाचंही त्याचंच. मी खोटारडा ठरलो नाही एवढंच, कारण मला कुणी विचारलंच नाही.

एक प्रिंट मी घरी नेली. बायकोने हात पुसून ती उजेडात धरली. कितीतरी वेळ बघत राहिली.

"भाऊजींचा ना? बघता क्षणी ओळखू येतं."

"माझा आहे."

तिने प्रिंटकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मी काढलाय," मी म्हणालो. "त्याचे सेल मेलेले होते. सगळे. मोज्यांतले, खिशांतले, सगळे. मी दारात उभा होतो. मी कळ दाबली. माझा आहे!" माझा आवाज चढला असावा.

ती हसली. आधी हुं करून, मग आवरेना म्हणून भिंतीचा आधार घेऊन, मान मागे टाकून, डोळे बारीक करून. तेच हसू. वर चौकटीतल्या फोटोकडे बोट दाखवत म्हणाली, "अहो, हाच! हाच चेहरा! त्या दोन आठ्या!" आणि पुन्हा हसायला लागली. खोलीत तो नव्हता, त्याचे मोजे नव्हते. माझ्याकडे बघून हसत होती. खुंटीवर माझा कॅमेरा होता, त्यात रोल होता, फ्लॅशमध्ये सेल ताजे होते.

"हलू नकोस," मी म्हणालो आणि कॅमेरा घ्यायला वळलो.

घेऊन फिरलो, तर तिने पदर सारखा केला होता, कुंकू नीट केलं होतं, आणि ओठ मिटून, हात जुळवून ती फोटोसाठी उभी होती.